सपोर्टचं कोटेशन

“कागद कोरो होयो की भरलेलो?” भाईंनी विचारलं.

त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अजयला वाटलं. तीन वर्षांनी तो या दुकानाची पायरी चढला होता. आणि आल्या आल्या मागितलं काय, तर भाईंचं लेटरहेड.

“कोरोच दिया,” तो खालमानेने म्हणाला. “मी भरतंय.”

धंद्यात याला ‘सपोर्ट’ म्हणतात. एका पतसंस्थेच्या नव्या हॉलला एसी बसवायचे होते. किमान तीन दर आल्याशिवाय पाकिटं फोडायची नाहीत, असा तिथला नियम. मग ज्याला काम हवं असतं तो स्वतःचा दर भरतो आणि आणखी दोघांच्या नावावर त्याहून चढे दर घालतो. सगळेच करतात, त्यात काय एवढं! कुडाळच्या मित्राने आपलं पाकीट परस्पर पतसंस्थेत पाठवलंही होतं. सावंतवाडीचा मात्र ऐन वेळी फिरला. मग मालवणात एसीचं काम करणारं दुसरं उरलं कोण? भाईच.

याच भाईंनी अजयला हाताला धरून धंदा शिकवला होता. खोलीत ऊन किती येतं, माणसं किती बसतात, त्यावरून मशीन केवढं लागेल हे काढायचं कसं, दर बांधायचा कसा, सगळं. आणि या शहाण्याने काय केलं? एक दिवस उठून भरड नाक्यावर स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकांचे नंबर होते याच्याच मोबाइलमध्ये, त्यामुळे गिऱ्हाइकंही आपसूक मागून आली. भाईंनी कधी जाब विचारला नाही. उलट ते बाजारात दिसले की हाच रस्ता बदलायचा. आता भाईंच्या दुकानात दोन मेलेले फ्रिज तेवढे उभे होते. चतुर्थीपर्यंत शटर ओढतील, असं लोक उघड बोलायचे.

भाईंनी कागद काढला. खाली सही केली, शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली.

“पश्चिमेच्या खिडक्यांचा ऊन धरलंस मा?”

“धरलंय.”

त्यांना त्या हॉलच्या खिडक्या कशा ठाऊक, हे अजयच्या डोक्यातही आलं नाही. त्याला कधी एकदा तिथून पळतो असं झालं होतं.

“च्या घेवन जा रे.”

“नको भाई, घाईत आसंय.”

घाई कसली डोंबलाची! मान वर करून त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, एवढंच.

रात्री कागदावर भाईंच्या नावाने त्याने चढा आकडा लिहिला. भाईंच्या दराचा आडोसा मिळाला म्हणून स्वतःचा आकडाही जरा वर सरकवला.

दुसऱ्या दिवशी तो दोन्ही पाकिटं घेऊन पतसंस्थेत गेला. व्यवस्थापक गौरजा परब टेबलाशी होत्या. त्यांनी दुसऱ्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“भाईंचं पाकीट तुम्ही आणलंत?”

“हो. त्यांना यायला जमत नव्हतं. मी इकडे येतच होतो, म्हटलं घेऊन जाऊ.”

“जमत नव्हतं? अहो, काल भर उन्हात आले होते की! याच खुर्चीत बसले होते, घामाघूम.” गौरजाबाई हसल्या. “सगळ्यांत पहिलं पाकीट त्यांचंच आलं होतं. आठवडा झाला असेल. स्वतः येऊन हॉल बघून गेले, खिडक्या मोजल्या, मग दर भरला. आणि काल येऊन ते पाकीट परत घेऊन गेले.”

अजयचे कान तापले. काल सकाळी हा लेटरहेड मागायला गेला, तेव्हा भाईंचा खरा दर या टेबलावर पोचलेला होता. भाई एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांना हे काम हवं होतं. त्यांनाच तर हवं होतं! आणि याने जाऊन त्यांच्याच हाताने त्यांचं काम काढून घेतलं होतं, वर चहालाही थांबला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

“परत का नेलं?” त्याने विचारलं.

“आकडा चुकला म्हणाले.”

भाईंचा आकडा? अजयने टेबलावरची दोन्ही पाकिटं ओढून घेतली.

“मॅडम, हे राहू द्या. माझा दर धरू नका. भाईंचाही हा नको. त्यांचा पहिलाच बरोबर होता. मी आत्ता जातो, तो परत द्यायला लावतो त्यांना.”

“अहो, असं काय करता?” गौरजाबाई गोंधळल्या. “तुमच्या हातून भाईंचं पाकीट घ्यायचं की नाही, तेच मला कळत नव्हतं. मी भाईंना विचारलं होतं, नवं पाकीट घेऊन कधी येताय? तर म्हणाले, ‘मी येवचंय नाय. दुसरां पाकीट माझो झील घेवन येतलो.’ आता मुलगा कुठला? भाईंना तर मूलबाळ नाही.”