उजवा लिव्हर

"बाबा गेल्यापासून उजवा लिव्हर ओढलाच जात नाही, काका. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा."

मिस्त्रीने जुना बुलडोझर ठोकळ्यांवर चढवला, ऑपरेटरला पाना आणायला पिटाळलं आणि स्वतः खाली शिरला. थोड्या वेळाने वर सीट करकरली, इंजिन चालू झालं, दोन्ही चेनी फिरू लागल्या.

"आलास? उजवा ओढ!" मिस्त्री ओरडला.

डोक्यावरच्या, लिव्हरला जोडलेल्या सळईला दोन हिसके बसले, मग ती मागे सरकली. उजवी चेन जागीच थांबली.

"ओढताच चेन थांबली, म्हणजे क्लच ठणठणीत आहे रे! आणि आधी दोन हिसके द्यायची बापाची सवय बरी उचललीस!"

इंजिन बंद पडलं. फाटकाकडून ऑपरेटर धावत येत होता.

"काका, पाना मिळाला! पण चावी तर माझ्या खिशात, मशीन चालू कसं केलंत?"