काचेपलीकडे

चारुशीला दोन्ही हातांनी काच बडवत होती. पलीकडच्या मोठ्या पडद्यावर तिच्या नवऱ्याची, उदयची, रेसिंग कार उलटून धुमसत होती. रेडिओवर बोलणाऱ्या इंजिनियरांपैकी कुणीच मागे वळून बघत नव्हतं. त्यांना काही ऐकूच जात नव्हतं.

संघाच्या या नव्या मुख्यालयाचा आर्किटेक्ट यशोधन तिच्या शेजारीच उभा होता. घरच्या माणसांनाही शर्यत दिसावी म्हणून कंट्रोल रूम आणि कुटुंबीयांची खोली यांच्यामध्ये काचेची भिंत त्यानेच सुचवली होती. आवाज पलीकडे जाऊ नये, याचीही चोख काळजी घेतली होती. शेवटी तोच लांबलचक व्हरांड्यातून वळसा घालून कंट्रोल रूममध्ये धावत गेला आणि धापा टाकत परतला.

"वहिनी, उदय शुद्धीवर आहे. पाय मोडलाय, पण बोलतोय."

तिने काचेवरचे हात खाली घेतले.

आठवड्याभराने ती उदयचं सामान न्यायला आली, तेव्हा यशोधन काचेचं माप घेत होता. "इथे पक्की भिंत घालतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुम्हाला ते बघावं लागलं, चूक माझी आहे."

"भिंत नका घालू. मागच्या अपघाताच्या वेळी जुन्या ऑफिसात मी दोन तास बंद खोलीत बसून होते. जो तो 'काही नाही झालं' म्हणत होता. त्यापेक्षा दिसलेलं बरं."

"मग काय करू, वहिनी?"

"दार करा. पुढच्या मोसमात तो पुन्हा गाडीत बसणारच. मला आत जाता आलं पाहिजे."