जुने डोळे

थायरॉईडमुळे नागूबाईंचे डोळे खोबणीतून पुढे आले होते. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी त्यांचा चेहरा संगणकावर उभा केला. "डोळे किती आत घ्यायचे ते आधी इथंच ठरवू. आजाराच्या आधीचा फोटो आहे?"

होता तो लग्नातला, आणि त्यात रिवाजाप्रमाणे नवरीची नजर पायाशी. आधार कार्डावर तर कुणी दुसरीच बाई होती. आपले डोळे कसे होते हे आता कुणाला विचारावं, या विचारानं नागूबाई हिरमुसल्या.

डॉक्टर पडद्यावरचा चेहरा बाजूनं वळवून डोळा हळूहळू आत सरकवू लागले.

"बस! इथंच," नागूबाईंचे यजमान अंकुशराव एकदम ओरडले.

"तुम्हाला काय कळायलंय?" नागूबाई उखडल्या. "कधी तोंडाकडं बघून बोललात?"

"भालकीहून उदगीरला जाताना बसमध्ये खिडकीशी तूच बसायचीस न्हव? तू बाहेर बघायचीस, मी तुला."

नागूबाईंनी पदर सावरला. "मग काय बघायलात म्हणून इचारलं, की 'ऊस' कामून म्हणायचात?"