नाताळचे चार दिवस

अठ्ठ्याहत्तरच्या नाताळला मोहाडीच्या नर्सबाईंनी शकुनला कादंबरी भेट दिली. जुन्या दुष्काळात पोरकी लेकरं सांभाळणाऱ्या एका ख्रिस्ती बाईची गोष्ट होती.

"असलं पुस्तक माह्या घरात नाही पायजे," म्हणत सासरे केशवरावांनी ते चुलीत घालायला हात पुढे केला.

"शिवू नका मामाजी. मी बाहेर बसली."

केशवराव चटका बसल्यासारखे मागे सरले. विटाळाचे चार दिवस चूल नाही, पाणी नाही. शकुन पडवीत बसून मोठ्यानं वाचू लागली. आत सासूचा भाकऱ्या थापण्याचा आवाज हळूहळू थांबला.

दुपारी केशवराव ओरडले, "आज जेवाले भेटन का नाही?"

पासष्टीच्या रंभाबाई सुनेला खेटून बसल्या होत्या.

"मी बी बाहेर बसली," त्या म्हणाल्या. "तू वाच वो."