चाकाहचं कुंपण

फेर्मिना सकाळपासून लोकांची कुंपणं न्याहाळत गावभर फिरत होती.

रानाच्या कडेला चेचेमच्या झाडांखाली ठेवलेले तिच्या मधमाश्यांचे दोन पोकळ ओंडके रात्री कोणीतरी पळवले होते. रात्री पाऊसही झाला होता. पावसात चेचेमखाली उभं राहिलं की अंगावर भाजल्यासारखे फोड येतात. त्यावर एकच औषध, चाकाहची साल उकळून शेकायची. चाकाहला माती लागत नाही, खडकाच्या फटीत खुंट रोवला तरी तो जगतो, म्हणून घरोघरी कुंपण त्याचंच. उन्हाळ्यात पानं झडतात आणि नुसते तांबडे खुंट उरतात. साल काढली की आतला हिरवा भाग लांबूनही दिसतो.

ज्याचा खुंट सोललेला, तो चोर.

तिचा संशय सोस्तेनेसवर होता. ओंडके विकत मागायला एका हॉटेलवाल्याला त्यानेच तिच्या दारात आणलं होतं. तिने साफ नाही म्हटलं होतं. "त्याच्याशिवाय दुसरं कोण असणार?" असं तिचा नवरा मेलेसियोही म्हणाला होता. संध्याकाळी सभेत ती नाव घेणार होती. सभेत चोर ठरलेल्याला मग गाव दारातही उभं करत नाही.

सोस्तेनेसचं कुंपण तिने दोनदा पाहिलं.

"काय गं, माझे खुंट मोजतेस की काय?"

"दादा, जरा बाह्या वर करा."

"बाह्याच ना? की पँटही काढू?" त्याने बाह्या सरकवल्या. हात स्वच्छ होते. "बघितलंस? आता तरी सभेत माझं नाव घेऊ नकोस. पोरीचं लग्न ठरतंय."

तरी तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्याला पाठवलं असेल मेल्याने! ती पुढची सगळी कुंपणं पाहत गेली. एकही खुंट सोललेला नव्हता.

दमून ती परसदारातून घरात शिरू लागली आणि जागीच थांबली. तिच्याच कुंपणाचा कोपऱ्यातला खुंट हातभर सोललेला होता. चीक अजून ओला होता. तिला रडू आलं नाही. लाज वाटली, सोस्तेनेसवर घेतलेल्या संशयाची.

मेलेसियो झुल्यात पडला होता. एवढ्या उकाड्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"सोस्तेनेसच निघाला ना? घे सभेत त्याचं नाव."

"नाव तर घेतेच," फेर्मिना म्हणाली. "आधी तो शर्ट काढून द्या, धुवायला टाकते."

झुला हलायचा थांबला.