जुनेर

आणखी एक सुई मोडली. मालनने ती डबीत टाकली आणि समोर बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

भटवाडीतल्या शाळेचा वर्ग, रविवारची दुपार. बाकं भिंतीला सरकवून मधे चटया अंथरल्या होत्या. चटयांवर पोरी, पोरींना खेटून त्यांच्या आया, आणि सगळ्यांच्या मधोमध नव्याकोऱ्या ब्लाउजपिसांचा ढीग.

गोधडीसाठी घरातलं जुनेर आणा, धुऊन धुऊन मऊ झालेलं, असं मालनने बजावून सांगितलं होतं. आलं ते हे. एका हळदीकुंकवात ओटीत पडायचं आणि न शिवताच पुढच्या हळदीकुंकवात दुसरीच्या ओटीत जायचं, असा ज्यांचा जन्म गेला, ती पिसं. आयांमधल्या जानकीने तर त्यातलं पोपटी पीस आपणच संक्रांतीला दिलेलं म्हणून ओळखलं आणि ते आणणारीकडे बघून नाक मुरडलं. पिसांची खळ इतकी कडक, की चार थर एकत्र धरले तर सुई आत जाईना.

दाराशी उत्तराबाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. त्या शाळेतल्या शिवणाच्या बाई, आणि मालनच्या गोधडीच्या शिकवणीसाठी हा वर्ग रविवारी त्यांच्याच शब्दावर उघडत होता.

"मालनबाई, टायपिंग क्लासवाले उद्या खोली बघायला येतायत. आज गोधडी निदान मांडलेली दिसली तर मला हेडसरांशी भांडता येईल. नाहीतर खोली गेली म्हणून समजा."

आईचा टाका कोकणातून मालनच्या हातात आला होता आणि तो पुढे द्यायला तिला लेक नव्हती. ह्या पोरी होत्या. खोली गेली की पोरी पांगणार, मग टाका तिच्याबरोबरच संपणार.

"जुनां आणा म्हटलेलंय ना गो मी?"

उत्तर दिलं सुंदराबाईंनी. कडक इस्त्रीच्या साडीशिवाय त्या चाळीच्या गॅलरीतही येत नसत. "रागावू नका मालनताई. पण घरची लक्तरं शाळेत आणून मांडायची? गिरणीच्या संपानंतर कोणाच्या घरात काय उरलंय ते काय लपून आहे? त्याचं प्रदर्शन कशाला?"

बायकांनी माना डोलावल्या. मालनच्याही पिशवीत स्टेशनजवळून आणलेलं फुलाफुलांचं नवं छीट होतं. चारचौघींत कमी दिसू नये म्हणून.

तिला स्वतःचाच राग आला. "कुलूप लावू नका बाई," म्हणत ती उठली, शाळेमागच्या चाळीत गेली आणि रात्रपाळीची वॉचमनकी करून झोपलेल्या नवऱ्याच्या, काशीरामच्या, अंगावरची गोधडी तिने ओढून घेतली. तो "अगो, माझी..." म्हणेपर्यंत ती बाहेर पडलीसुद्धा.

वर्गात तिने गोधडी सगळ्यांसमोर पसरली.

"ह्यां माझ्या बापाशीचां धोतर. हो आमच्या घोवाचो शर्ट. गिरणीत मशिनीत बाही गेली, हात वाचलो. आणि ह्यां पिठाच्या पोत्याचां. संपात दुसरां काय नव्हतां घरात."

पोत्यावरची निळी अक्षरं अजून वाचता येत होती. कोणी हसलं नाही. एका पोरीने वाकून धोतराच्या तुकड्याला गाल लावला. "काकू, किती मऊ आहे हे."

"मऊ होऊक वर्षां लागतत, बाय."

सुंदराबाई उठल्या आणि निघून गेल्या. गेली ही, आता बाकीच्याही जाणार, असं मालनला वाटलं. झालंही तसंच. जानकी उठली. पण दारातून म्हणाली, "आले गं. सासूबाईंचं लुगडं आहे माळ्यावर."

मग एकेक करत सगळ्या गेल्या आणि बोचकी घेऊन परत आल्या. लुगडी, परकर, पोरांचे आखूड झालेले युनिफॉर्म. "ही विजार बघा, ह्यांच्या लग्नातली," असं कोणी म्हणालं आणि वर्ग हसण्याने भरून गेला. मघाशी जे लपवायचं होतं ते आता एकमेकींना दाखवण्याची चढाओढ लागली. मालनने लुगड्याला दात लावून फर्रकन पट्टी फाडली. थर पसरले. पोरी चारी बाजूंनी बसल्या आणि काठाकडून आत टाका घालू लागल्या. सुई सरसर चालू लागली. पंख्याने एक कोपरा उडत होता, त्यावर उत्तराबाईंनी हातातलं कुलूप ठेवलं आणि त्याही दोरा ओवायला बसल्या.

"उद्या सांगते त्या टायपिंगवाल्यांना, खोली अडलीय म्हणून."

मालनला आनंद आवरेना. तिने पदराने डोळे पुसले, ते कोणाला दिसलं तरी तिला चालणार होतं.

तेवढ्यात दारात सुंदराबाई दिसल्या. छातीशी एक घडी धरलेली. मालनने ती उलगडली. विटकी साडी, रफूवर रफू केलेली. इतक्या वर्षांच्या शेजारात ही साडी कोणी पाहिली नव्हती. दार लावून, घरातल्या घरात नेसायची असणार.

"कडेला घेते," मालन हळूच म्हणाली. "दुमडीत जाईल. रफू दिसायचा नाही."

सुंदराबाई चटईवर बसल्या. त्यांनी साडी मालनच्या हातातून घेतली आणि गोधडीच्या मधोमध ठेवली.

"इथे घ्या. आणि रफू वर ठेवा."