जावयाचं रिटर्न

शहाद्यात माझं ठिबकच्या नळ्या बसवून देण्याचं काम आहे. लग्नाच्या बायोडेटात मी वर्षाची कमाई आठ लाख लिहिली होती. मुलीचे वडील भिकनआप्पा घर बघायला आले आणि चहा संपायच्या आत त्यांनी माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न मागितलं. दुकानभाडं, पेट्रोल, मजुरी वजा जाता त्यात उत्पन्न होतं तीन लाख. वाटलं, स्थळ गेलं.

आप्पांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "आठ कमाडस आनि सरकारले तीन दखाडस! पोऱ्या हुशार शे. फोडा सुपारी!"

सगळे हसले. चोरी पकडली गेल्यासारखा मीही हसलो.



रिटर्नमध्ये मी एक रुपयाही लपवलेला नव्हता.